शालातुरीय आचार्य पाणिनी

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एका वैयाकरणाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्या नगराची भाषा मराठी नाही, अशा नगरात आपली शाळा साठ वर्षे मराठी माध्यमातून शिकवीत आली. तिने जतन केलेला सर्वांत मोठा ठेवा भाषा हाच आहे. माजी विद्यार्थ्यांना व्याकरणाचा तास आठवतो तो बहुधा विभक्तीच्या तक्त्यामुळे आणि कर्तरी, कर्मणी, भावे या प्रयोगांमुळे. त्या तक्त्यामागे केवढी प्रज्ञा उभी आहे, हे मात्र शालेय वयात उमगत नाही. ती प्रज्ञा ज्यांची, त्या आचार्य पाणिनींची ही ओळख.

पाणिनींचा काळ सामान्यतः इ.स. पूर्व पाचव्या ते चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यांचे गाव शलातुर. सिंधू आणि काबूल या नद्यांच्या संगमाजवळ, प्राचीन गांधार प्रदेशात ते वसले होते. आज तेथे लाहूर नावाचे लहानसे गाव असून ते पाकिस्तानातील स्वाबी जिल्ह्यात मोडते. गावाच्या नावावरून आचार्यांना शालातुरीय म्हणतात आणि मातेच्या नावावरून दाक्षीपुत्र. गांधार हा त्या काळचा सीमाप्रांत होता. पश्चिमेकडून इराणी साम्राज्याची सत्ता तेथवर पोहोचली होती, व्यापारी तांडे येत-जात होते आणि विद्येसाठी विख्यात असलेली तक्षशिला नगरी फार दूर नव्हती. अनेक भाषा कानावर पडणाऱ्या या भूमीत, देशाच्या मध्यापासून दूर, संस्कृत भाषेचे सर्वांत सूक्ष्म वर्णन जन्माला आले. मातृभाषेकडे डोळसपणे पाहण्याची गरज सीमेवर अधिक तीव्रतेने जाणवते, हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांच्या बालपणाविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात पाणिनी हे वर्ष नावाच्या गुरूंचे मंदबुद्धी शिष्य दाखविले आहेत. अभ्यासात मागे पडल्यामुळे ते हिमालयात तपश्चर्येला गेले आणि शिवाच्या कृपेने त्यांना नवे व्याकरण प्राप्त झाले, अशी ती कथा आहे. शिवाने डमरू वाजविला आणि त्या नादातून चौदा शिवसूत्रे प्रकटली, ही परंपराही सर्वांच्या परिचयाची आहे. कथा म्हणून त्या गोड आहेत. परंतु इ.स. पूर्व दुसऱ्या शतकात महाभाष्य लिहिणाऱ्या पतंजलींनी रेखाटलेले आचार्यांचे चित्र मला शिक्षिका म्हणून अधिक मोलाचे वाटते. हाती दर्भ घेऊन, शुद्ध जागी पूर्वाभिमुख बसून, मोठ्या प्रयत्नाने आचार्य सूत्रे रचीत. म्हणून त्यांतील एक अक्षरही निरर्थक असणे शक्य नाही, असे पतंजली सांगतात. या चित्रात चमत्कार नाही, परिश्रम आहेत.

पाणिनींचे पहिले काम ऐकण्याचे होते. आपल्यापूर्वीच्या दहा वैयाकरणांचा ते नावानिशी उल्लेख करतात. शाकल्य, शाकटायन, गार्ग्य, आपिशली ही त्यांपैकी काही नावे होत. जेथे मतभेद आहे, तेथे ते दुसऱ्याचे मत त्याच्या नावासह नोंदवितात. पूर्वेकडील लोक अमुक रूप वापरतात, उत्तरेकडील तमुक, हेही सांगतात. विपाशा म्हणजे आजची बियास नदी. तिच्या उत्तर काठावरील विहिरींची नावे उच्चारताना तेथील लोकांचा स्वराघात दक्षिण काठापेक्षा निराळा पडे. एवढ्याशा भेदासाठी आचार्यांनी स्वतंत्र सूत्र रचले. नदीच्या एका काठावरची माणसे विहिरीचे नाव कसे उच्चारतात, हे ज्याने कान देऊन ऐकले, त्याची भाषेवरची माया केवढी असेल!

या निरीक्षणातून उभी राहिली ती अष्टाध्यायी. आठ अध्याय, प्रत्येक अध्यायाचे चार पाद आणि एकूण सुमारे चार हजार सूत्रे, असा तिचा विस्तार. जोडीला सुमारे दोन हजार धातूंचा धातुपाठ आणि शब्दगटांचा गणपाठ. एका विशाल भाषेचे व्याकरण लहानशा पुस्तिकेत मावावे, ही किमया साधली ती काही युक्त्यांमुळे. चौदा शिवसूत्रांत वर्णांची मांडणी अशी केली आहे, की दोन अक्षरांचा संकेत उच्चारताच वर्णांचा अख्खा समूह डोळ्यांपुढे यावा. अच् म्हटले की सर्व स्वर, हल् म्हटले की सर्व व्यंजने. आपण मराठीत पाय मोडलेल्या अक्षराला हलन्त म्हणतो, तो हल् हाच. एका सूत्रातील शब्द पुढील सूत्रांत न लिहिताही चालू राहतो, त्याला अनुवृत्ती म्हणतात. आधी सर्वसाधारण नियम सांगावा, मग त्याचा अपवाद. दोन नियम एकाच वेळी लागू पडले तर कोणी माघार घ्यावी, यासाठीही नियम आहे. जे दिसत नाही पण होते, त्याला लोप असे नाव देऊन आचार्यांनी अभावालाही व्याकरणात स्थान दिले. अर्थ मनात येतो, त्याला धातू व प्रत्यय लागतात, पायरीपायरीने रूप सिद्ध होते आणि अखेरीस उच्चारलेले वाक्य बाहेर पडते, अशी ही व्यवस्था आहे.

आता या चरित्राच्या गाभ्याकडे येऊ. एवढ्या चार हजार सूत्रांत वाक्यातील पदांनी कोणत्या क्रमाने बसावे, याविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. कर्ता आधी, कर्म मागून, क्रियापद शेवटी, असा दंडक आचार्य घालीत नाहीत. संस्कृतात पदांचा क्रम बोलणाऱ्याच्या इच्छेवर असतो, हे पुढे पतंजलींनी स्पष्ट केले. पात्र आण म्हणा की आण पात्र म्हणा, अर्थाला बाध येत नाही.

मराठीतही पुष्कळ अंशी हेच घडते. 'वाघाने शिकाऱ्याला मारले' आणि 'शिकाऱ्याला वाघाने मारले' या दोन्ही वाक्यांत प्राण शिकाऱ्याचाच जातो. इंग्रजीत मात्र या दोन नामांनी जागा बदलली की मरणारा बदलतो. तेथे कोण कर्ता हे जागा सांगते. आपल्याकडे ते प्रत्यय सांगतो. 'आई मुलीला पुस्तक देते' या चार पदांच्या वाक्याचे २४ क्रम होऊ शकतात. कशावर भर द्यायचा त्याप्रमाणे बोलणारा क्रम निवडतो, पण देणारी आई आणि घेणारी मुलगी कायम राहते.

मग वाक्याला बांधून ठेवणारे सूत्र कोणते? पाणिनींचे उत्तर आहे कारक. वाक्याच्या केंद्रस्थानी क्रिया असते आणि ती घडवून आणण्यात ज्यांचा ज्यांचा वाटा, ती कारके. ती सहा आहेत. क्रियेत स्वतंत्र असलेला तो कर्ता. कर्त्याला क्रियेने जे सर्वाधिक इष्ट ते कर्म. क्रियासिद्धीचे सर्वांत प्रभावी साधन ते करण. ज्याच्यासाठी द्यायचे ते संप्रदान. दूर जाताना जे स्थिर राहते ते अपादान. आणि क्रियेचा आधार ते अधिकरण. या व्याख्यांत जागेचा उल्लेख कोठेही नाही. प्रत्येक पद आपले नाते आपल्या अंगावर, म्हणजे विभक्तीच्या प्रत्ययात, वागविते. वाक्यात ते कोठेही जाऊन बसले तरी त्याचे क्रियेशी असलेले नाते त्याच्यासोबत जाते.

विभक्ती आणि कारक एकच नव्हेत, हेही आचार्यांनी ओळखले. 'मुलाने चाकूने आंबा कापला' या वाक्यात 'ने' दोनदा आला. त्यांपैकी मुलगा कर्ता आणि चाकू करण, हा निवाडा कापण्याच्या क्रियेला कोणकोणाची अपेक्षा आहे यावरून होतो. त्यांचे आणखी एक तत्त्व फार मार्मिक आहे. क्रियापदाने जे आधीच सांगून टाकले, ते नामाच्या विभक्तीने पुन्हा सांगू नये. 'मुलगी पोळी खाते' यात क्रियापदच कर्त्याचे रूप घेऊन कर्ता सांगते, म्हणून मुलगीला निराळा प्रत्यय लागत नाही. 'मुलीने पोळी खाल्ली', 'मुलीने आंबा खाल्ला' या वाक्यांत क्रियापद कर्माकडे वळले. म्हणून कर्ता कोण हे सांगण्याचे काम 'ने' प्रत्ययाला करावे लागले. संस्कृतातील कर्मणी प्रयोगासाठी आचार्यांनी बांधलेले हे तत्त्व आपल्या मराठी प्रयोगांवरही प्रकाश टाकते. आठवीच्या वर्गात पाठ केलेला कर्मणी प्रयोग हा असा एका सुसंगत विचाराचा भाग आहे.

जागेचे महत्त्व पाणिनींना ठाऊक नव्हते असे मात्र नाही. समास करताना आतील विभक्तिप्रत्ययांचा लोप होतो. आणि नेमके तेथे, कोणते पद आधी यावे याचे नियम ते घालून देतात. राजपुरुष म्हणजे राजाचा सेवक. त्यातील पदे उलटून चालत नाहीत. नात्याची खूण पुसली गेली की जागेचा आधार घ्यावा लागतो, हे भाषेचे मर्म त्यांनी असे दोन्ही बाजूंनी पाहिले.

संस्कृत शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना अन्वय लावणे आठवत असेल. श्लोकात विशेषण पहिल्या चरणात आणि त्याचे विशेष्य चौथ्या चरणात असते. आपण आधी क्रियापद शोधतो आणि मग त्याला विचारत जातो: कोण, कोणाला, कशाने, कोठे? यालाच खंडान्वय म्हणतात. पदांची सरमिसळ कितीही असो, कारकांचे प्रश्न विचारले की वाक्य उलगडते.

आचार्यांच्या मागून कात्यायनांनी त्यांच्या सूत्रांची वार्तिकांनी चिकित्सा केली आणि त्यानंतर पतंजलींनी महाभाष्य रचले. पाणिनी, कात्यायन, पतंजली यांना परंपरा मुनित्रय म्हणते. घट हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारी जात नाही, असा दाखला पतंजलींनी दिला आहे. भाषा लोकांची असते, व्याकरण तिचा मार्ग उजळते, ही जाणीव या परंपरेत आरंभापासून आहे. पाणिनींचा अंत सिंहाच्या हल्ल्यात झाला, अशी आख्यायिका पंचतंत्रात आहे. आणि त्यांच्या निधनाची तिथी त्रयोदशी मानून त्या दिवशी व्याकरणाचा अनध्याय पाळण्याची प्रथा पंडितांमध्ये होती. इ.स.च्या सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग शलातुरास पोहोचला, तेव्हा तेथे आचार्यांची मूर्ती उभी होती. सुमारे हजार वर्षे गावाने आपल्या वैयाकरणाला आठवणीत ठेवले होते.

पुढे हा ग्रंथ जगभर गेला. बॉन येथून ऑटो बोटलिंक यांनी १८३९-४० मध्ये त्याची आवृत्ती काढली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी संपादिलेले महाभाष्य १८८० ते १८८५ या काळात मुंबईत प्रसिद्ध झाले. मराठीपुरते बोलायचे तर दादोबा पांडुरंग यांचे १८३६ चे व्याकरण आणि मोरो केशव दामले यांचे १९११ चे शास्त्रीय मराठी व्याकरण यांतील विभक्ती, कारक, समास, प्रयोग ही परिभाषा थेट या परंपरेतून आली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास या कार्याला नवे महत्त्व आले. वाक्यरचनेचे नियम गणिताइतके काटेकोर लिहावेत, म्हणजे यंत्रालाही वाक्याचे पृथक्करण करता येईल, असा विचार पुढे आला. नोम चॉम्स्की यांनी या विचाराला दिशा दिली आणि १९६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पाणिनींच्या व्याकरणाचे स्मरण केले. संगणकीय भाषांची रचना लिहिण्याची जी पद्धत जॉन बॅकस व पीटर नाउर यांच्या नावे ओळखली जाते, तिला पाणिनींचे नाव जोडावे, असे पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचविले.

परंतु या नव्या नियमांचा सुरुवातीचा साचा इंग्रजीसारख्या भाषांना सोयीचा होता. वाक्याचे दोन भाग करावेत, त्यांचे पुन्हा भाग करावेत आणि शेजारशेजारच्या शब्दांचे गट बांधत जावे, अशी ती रीत. जेथे पदे मोकळेपणी जागा बदलतात, तेथे प्रत्येक क्रमासाठी निराळा नियम लिहावा लागतो. चार पदांचे २४ क्रम, पाचांचे १२०, सहांचे ७२०. शिवाय विशेषण एकीकडे आणि विशेष्य दुसरीकडे असेल, तर शेजाऱ्यांचे गट बांधणेच अशक्य होते.

ही कोंडी फोडण्यासाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांचे सहकारी पाणिनींकडे वळले. अक्षर भारती या सामूहिक नावाने त्यांनी लेखन केले आणि १९९५ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांची रीत खंडान्वयाचीच आहे. यंत्राने आधी क्रियापद हेरावे. त्या क्रियापदाला कोणत्या कारकांची अपेक्षा आहे आणि ती कोणत्या विभक्तीत येतात, याचा तक्ता समोर ठेवावा. मग वाक्यातील नामे त्या तक्त्याशी जुळवावीत. आवश्यक कारक रिकामे राहू नये, एका कारकाच्या जागी दोन नामे येऊ नयेत आणि एका नामाने दोन जागा अडवू नयेत, एवढी पथ्ये पाळली की पदे कोणत्याही क्रमाने येवोत, नाते सापडते. पुढे हैदराबाद येथे हिंदी वाक्यांचा मोठा संग्रह या कारकसंबंधांच्या खुणा करून तयार करण्यात आला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा विचार आजच्या कामाला असा उपयोगी पडला.

येथे पालकांना एक सांगणे अगत्याचे वाटते. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे अमेरिकेतील अवकाश संस्थेने सिद्ध केले, असे संदेश भ्रमणध्वनीवर वरचेवर फिरतात. त्यांचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ च्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची अर्थ उलगडण्याची पद्धत ज्ञानाच्या संगणकीय मांडणीस जवळची आहे, असा त्याचा आशय होता. संगणक संस्कृतात चालतात असे त्यात म्हटलेले नाही. आचार्यांची थोरवी पटविण्यास अशा वावड्यांची आवश्यकता नाही. ज्याने विहिरींच्या नावांतील आघातसुद्धा काळजीपूर्वक नोंदविला, त्याच्याविषयी बोलताना आपणही शब्द तपासून वापरावेत, हाच त्यांचा खरा सन्मान.

अष्टाध्यायीत एक लहानसा भेद आहे, तो आपल्या शाळेसाठी मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. माणसाला गावावरून नाव मिळते ते दोन प्रकारे, असे आचार्य सांगतात. पहिला प्रकार निवास, दुसरा अभिजन. आपण सध्या जेथे राहतो तो निवास आणि आपले पूर्वज जेथे राहिले तो अभिजन, असे पतंजली त्याचे विवरण करतात. शालातुरीय हा शब्द ज्या सूत्राने सिद्ध होतो, ते सूत्र अभिजनाच्या प्रकरणात आहे. शालातुरीय म्हणजे ज्याचे पूर्वज शलातुराचे, तो. आपले स्वतःचे गाव आचार्यांनी आपल्या ग्रंथात असे एका प्रत्ययापुरते येऊ दिले.

आपल्या मुलांचा निवास या नगरात आहे. या नगराची भाषा ती प्रेमाने बोलतात, आणि तसेच असावे. माजी विद्यार्थी तर त्याही पलीकडे, देशोदेशी पांगले आहेत. घरात मराठी बोलताना मुलांच्या तोंडून विभक्तीचे प्रत्यय गळू लागतात आणि मग वाक्य जागेच्या आधाराने कसेबसे उभे राहते, हे वर्गात आम्हाला दिसते. अशा वेळी शिक्षिका थांबून विचारते: कोणी, कोणाला, कशाने? मूल विचार करते, प्रत्यय लावते आणि वाक्य पुन्हा सावरते. गेली साठ वर्षे या शाळेच्या वर्गांत हे प्रश्न विचारले गेले आहेत. घरोघरीही ते विचारले जावेत, एवढीच हीरक महोत्सवाच्या निमित्ताने सर्व पालकांना विनंती.